किंकाळीच्या मधली जागा

किंकाळी आली तेव्हा रस्त्यावरच्या एकाही माणसानं मान वर केली नाही. चपला शिवणारा शिवत राहिला, शाळेतून सुटलेल्या मुलीचा हात धरून चाललेली बाई तिला दटावत तशीच पुढे गेली, आणि जिन्याच्या तोंडाशी खोक्यावर बसलेल्या किल्लीवाल्यानं हातातली कानस क्षणभरही थांबवली नाही. नाटककार तेवढा फूटपाथवर जागच्या जागी खिळला. किंकाळी वरच्या उघड्या खिडकीतून आली होती, तरुण बाईची होती, आणि मध्येच तुटली होती. तुटली म्हणजे संपली नव्हती. ऐन उंचीवर असताना कोणी हात वर करून थांबवावं तशी ती थांबली, एक जागा रिकामी गेली, आणि मग उरलेली अर्धी आली, पहिलीपेक्षा खालच्या सुरात, जड. ती रिकामी जागा केवढी असणार हे त्याला आधीच माहीत होतं. त्याच्या छातीनं श्वास रोखला होता आणि बरोबर त्या ठिकाणी सोडला होता.

“घाबरू नका काका,” किल्लीवाला मान न उचलता म्हणाला. “नाटकाचा क्लास आहे वर. रोज या सुमाराला कोणीतरी मरतं.”

“रोज?”

“सुट्टीच्या दिवशी तेवढं जगतात.” त्यानं किल्ली उजेडात धरून दाते पाहिले. “नवीन होतो तेव्हा मीपण धावत गेलो होतो, कानस हातात घेऊन. मॅडम म्हणाल्या, ये बाबा, पाणी पिऊन जा. आता कान मेले आपले.”

मॅडम म्हणजे नाटककाराची बायको. ती इथे मुलींना आवाज शिकवते हे त्याला ठाऊक होतं, पण हा जिना तो कधी चढला नव्हता. आज चढायलाच आला होता. मोर्च्यामुळे रस्ता बंद, म्हणून बसनं बरंच अलीकडे सोडलं आणि उरलेलं अंतर तो पायी आला, पोलिसांच्या गाड्यांच्या कडेकडेनं. सकाळी दिग्दर्शकाचा फोन आला होता. दिग्दर्शक त्याच्या मुलाच्या वयाचा, म्हणजे मुलाचं जे वय आज असतं त्या वयाचा होता. “सर, तुमचं शेवटचं नाटक परत करायचंय. हे आत्ताच व्हायला हवं. बाहेर काय चाललंय बघताय ना? पोरं उचलताहेत घराघरातून. आजच्या आज हो की नाही ते सांगा, नाहीतर तारखा जातील.” तो म्हणाला होता, विचारून सांगतो. “कोणाला विचारून? नाटक तुमचंच आहे ना?” यावर त्यानं फोन ठेवला होता. नाटक त्याचंच होतं. त्यातली किंकाळी त्याची नव्हती. ती ज्या दुपारची होती त्या दुपारबद्दल नवरा-बायकोत इतक्या वर्षांत एक शब्द निघालेला नव्हता. विजेचं बिल, गुडघेदुखी, दाराची कुरकुरणारी बिजागरी, सगळ्यावर बोलणं होई. त्या दुपारपाशी आलं की दोघंही ओल्या फरशीवरून जावं तसे अलगद कडेनं जात. आता परवानगी मागायची म्हणजे ती दुपार तोंडानं उच्चारणं आलं. रस्त्यानं येताना त्यानं वाक्यं जुळवून पाहिली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घालणाऱ्या माणसाला स्वतःसाठी एक सरळ वाक्य सापडत नव्हतं.

त्याच्या नाटकांना चांगले दिवस यायचे म्हणजे लोकांचे वाईट दिवस यावे लागत. हे त्यानं स्वतःच एकदा भाषणात सांगितलं होतं आणि सभागृह हसलं होतं. पहिलं नाटक घड्याळांचा कारखाना बंद पडला त्या साली आलं. वडील त्याच कारखान्यात होते. टाळं लागल्यावरही ते दर आठवड्याला कामाचा निळा सदरा धुवायचे, इस्त्री करायचे आणि खुंटीला लावायचे. न घातलेला, न मळलेला सदरा. आई म्हणे, “अहो, साबण तरी वाचवा.” ते म्हणत, “धूळ बसते.” त्यानं रंगमंचावर एक खुंटी आणि एक सदरा ठेवला, आणि पहिल्या अंकापासून लोक त्या सदऱ्याकडे बघत राहिले. वडिलांनी प्रयोग पाहिला. नंतर सदरा खुंटीवरून काढून ट्रंकेत घातला आणि पुन्हा धुतला नाही. दुसरं नाटक दंगलीनंतरचं. गावाचा अर्धा भाग जळत असताना तो शाळेत उघडलेल्या छावणीत जाऊन बसे. मदत करायला म्हणून जाई, आणि करीही, पण कान वेगळ्याच कामावर असत. त्याला तिथे कळलं की खरोखर कोसळलेला माणूस वाक्य पुरं करत नाही, आणि मोठ्या गोष्टीबद्दल बोलत नाही. घर जळालेली एक बाई सारखी विचारत होती, “दूध चुलीवर होतं, कुणी उतरवलं का?” ते वाक्य त्यानं उचललं. तिसऱ्या अंकाच्या शेवटी ते आलं की थिएटरात हुंदके फुटत. पुढे ती बाई स्वतः प्रयोगाला येऊन गेली असं त्याला कोणीतरी सांगितलं. काय म्हणाली? “माझ्यापेक्षा तिनं चांगलं म्हटलं,” एवढंच म्हणाली. त्याला त्याचा अभिमान वाटला होता. कोणत्या गोष्टीचा अभिमान वाटला होता हे आता आठवलं की त्याला चालता चालता थांबावं लागे.

वरून पुन्हा किंकाळी आली. तुटली. रिकामी जागा. उरलेली अर्धी. किल्लीवाल्यानं तोंडानं शेवटच्या सुराची नक्कल केली, वाईट हेतूनं नाही, कानावर पडणारं गाणं आपण गुणगुणतो तशी.

आणि ते तेव्हाचं घर. सगळ्यात वरचा मजला, त्याच्यावर गच्ची, गच्चीत पत्र्याची एक खोली. तो त्या खोलीत लिहायचा आणि खाली घरात सगळे हळू बोलायचे. मुलाचं टोपणनाव भोंगा. जन्मला तोच असा आवाज काढत की दवाखान्यातली परिचारिका म्हणाली होती, याला गिरणीवर ठेवा. पण शब्द कळू लागल्यापासून त्याला एकच शिकवण होती: हळू, बाबा लिहितायत. शेजारच्या पोरांना जिन्यात अडवून तोच ओठांवर बोट ठेवी. कॉलेजात गेल्यावर बाहेर मोर्च्यात त्याचा आवाज चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई म्हणे. घरात शिरताना मात्र चपलासुद्धा हातात घेऊन येई. मोठ्यानं आवाज करायची मुभा घरात एकट्या बायकोला होती, कारण तिचा आवाज हे नाटकाचं काम होतं. तिसऱ्या नाटकाच्या शेवटी आईच्या डोळ्यांदेखत मुलाला धरून नेतात आणि ती ओरडते, असा प्रसंग त्यानं लिहिला होता. तेव्हा सगळीकडे तेच चाललं होतं. सभा बंद, वर्तमानपत्रांत कोरे चौकोन, आणि दुपारी नंबर नसलेली गाडी येऊन कोणाच्या ना कोणाच्या दाराशी उभी राहायची. ती ओरड काही केल्या तिला जमत नव्हती. “खोटी येतेय गं,” तो म्हणे. “लोकांना दाखवायला ओरडतेयस.” “मग कोणाला ओरडू?” ती विचारी. रोज दुपारी जेवणं आटोपली की ती मधल्या खोलीत उभी राहून तेवढंच करून बघायची. पहिल्या दिवशी खालच्या मजल्यावरची शेजारीण पिठाच्या हातांनी धावत वर आली होती. नंतर तीच पाहुण्यांना सांगू लागली, “काही नाही हो, वरच्या बाईंची तालीम आहे. चहा घ्या.”

त्या दुपारी तो गच्चीवरच्या खोलीत होता. पत्रा तापलेला, हाताच्या घामानं कागद चिकटत होता, आणि शेवटच्या पानावरचं कोणतंही वाक्य जागेवर बसत नव्हतं. तेव्हा खालून ती किंकाळी आली. त्यानं पेन उचललं. आजवरच्या तालमींत अशी आली नव्हती; गळ्यातून नव्हे, कुठून तरी खालून, पोटाच्याही खालून. आणि ऐन टोकाला तुटली. तो खुर्चीत सरळ झाला. त्या रिकाम्या जागेत त्याला पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याची नखं ऐकू आली, एवढी ती लख्ख होती. मग उरलेली अर्धी आली. सापडलं, तो मनाशी म्हणाला. तिला सापडलं. त्यानं लिहिलं: ‘इथे थांबते. मग पुन्हा.’ अक्षर भराभर धावलं. शेवटचं पान त्या बैठकीत पुरं झालं. आयुष्यात इतकं सरळ लिहून झालेलं ते एकच पान. मग तो हात झटकत खाली आला. घराचं दार सताड उघडं होतं. ती दाराशी जमिनीवर बसली होती, पदर खांद्यावरून घसरलेला, समोर मुलाच्या चपलांपैकी एकच चप्पल. आणि तो म्हणाला, आनंदानं म्हणाला,

“आज जमलं गं तुला.”

पुढचं सगळं झालं, जसं त्या काळात सगळ्यांचं झालं. चौक्या, वकील, ओळखीच्या ओळखी, हात वर करणारे अधिकारी. एकानं सांगितलं, तो आमच्याकडे आणलेलाच नाही. दुसऱ्यानं सांगितलं, आणला होता, पळून गेला. पळून गेलेल्या माणसाची वाट बघावी लागते. मेलेल्याची बघावी लागत नाही. सरकारनं त्यांना तेवढंही दिलं नाही. खालची शेजारीण एकदाच वर आली आणि दाराची चौकट धरून म्हणाली, “ताई, मला वाटलं तुमची रोजची…” तिलाही वाक्य पुरं करता आलं नाही. त्याच महिन्यात त्यांनी घर बदललं. नाटक तो फाडणार होता. बायकोनंच फाडू दिलं नाही. “मी करणार,” म्हणाली. बंदी उठल्यावर पहिला प्रयोग लागला आणि तिनं ती ओरड तशीच्या तशी केली. एका सुताचा फरक नाही. प्रत्येक प्रयोगाला तशीच. लोक मंतरल्यासारखे बसायचे. समीक्षकांनी त्या रिकाम्या जागेवर लेख लिहिले: ‘एका देशानं रोखलेला श्वास’, ‘भाषेच्या पराभवाचा क्षण’. नाट्यशाळांत तिचं ध्वनिमुद्रण वाजवून मुलांना शिकवू लागले. तो मुलाखतींत सांगे, “तो श्वास तिचा आहे. मी फक्त लिहून घेतला.” खरंच होतं ते. प्रयोगात तो विंगेत उभा असे, आणि किंकाळी संपली की ती कधी प्रेक्षकांकडे बघत नसे. मान वळवून विंगेकडे बघे. त्याला वाटे, पडद्याची खूण देतेय. तो पडदेवाल्याला इशारा करी. पडदा पडे. एका प्रयोगानंतर तिनं मेकअप पुसला आणि म्हणाली, “बास झालं. नाही होत उपयोग.” त्यानं कशाचा उपयोग ते विचारलं नाही. नंतर त्यानंही नाटक लिहिलं नाही. लोकांना वाटलं, काळ निवळला म्हणून विषय संपले.

खिशात फोन वाजला. दिग्दर्शक. त्यानं तो वाजू दिला. लांबून मोर्च्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, नुसता चढउतार. आणि त्याचा कान सवयीनं त्यातही कुठे श्वास घेतात ते शोधू लागला. किती निर्लज्ज कान. “जायचंय का वर?” किल्लीवाल्यानं विचारलं. “मुलगी आहे का क्लासला?”

“नाही. बायको शिकवते.”

“मॅडमचे मिस्टर तुम्ही?” त्यानं पहिल्यांदाच कानस खाली ठेवली. “मग असं पाहुण्यासारखं फूटपाथवर काय उभे? जा की. संपेल आता, एकदा ओरडायचं राहिलंय. शेवटी नेहमी एकदा होतं.”

जिना अरुंद होता आणि कठडा हातांनी गुळगुळीत झालेला. दर पायरीला वाटत होतं, खाली जावं, घरी थांबावं, संध्याकाळी चहा देताना सहज म्हटल्यासारखं विचारून टाकावं. वरच्या बोळात चपलांची ओळ होती. त्यात बायकोच्या चपला ओळीबाहेर, भिंतीला टेकवून उभ्या. दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून तिचा आवाज आला, घरी कधी ऐकू न येणारा, मोकळा, थोडा खडूस.

“पुन्हा श्वास घेतलास. सांगितलं ना, तिथे श्वास घ्यायचा नाही.”

“पण बाई, रेकॉर्डिंगमध्ये तर श्वासच आहे,” मुलगी म्हणाली. “आम्हाला कॉलेजात तसंच शिकवलं. पॉज. दम तुटतो आईचा.”

“कॉलेजात शिकवणारे तिथे नव्हते.”

“मग काय करायचं तिथे?”

“ऐकायचं.”

“काय ऐकायचं?”

खिडकीचं दार वाऱ्यानं हललं. त्याचा हात कडीवर होता.

“दोघांनी धरलंय त्याला,” ती म्हणाली, रस्ता सांगावा इतक्या साध्या सुरात. “एक चप्पल दाराशी, एक सापडत नाहीये. आई ओरडते. तेव्हा तो मागे वळून बघतो आणि म्हणतो, आई, हळू. बाबा लिहितायत.”

मुलगी चाचरत म्हणाली, “असं नाटकात कुठे आहे, बाई?”

“नाटकात नाहीये.”

“पण… असं का म्हणाला तो?”

“सवय गं. लहानपणापासूनची. नाहीतर बापाला खाली येऊ द्यायचं नसेल, त्यालाही धरतील म्हणून. कुठलं खरं ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून थांबायचं. ती ऐकते, लेकाचं ऐकायची सवय आहे तिला, गप्प होते. आणि मग तिला कळतं की गप्प बसून चालायचं नाही, वरचा माणूस आला पाहिजे. म्हणून पुन्हा ओरडते. ती दुसरी ओरड लोकांसाठी नाही आणि देवासाठी नाही. गच्चीवरच्या माणसासाठी आहे. कळलं? कर आता.”

बोळातल्या भिंतीचा रंग निघाला होता आणि त्याखाली आधीचा रंग दिसत होता, त्याखाली त्याच्याही आधीचा. तो त्याकडेच बघत राहिला. इतकी वर्षं त्या जागेत त्यानं काय काय ऐकलं होतं: कावळ्याची नखं, स्वतःच्या पेनची कुरकुर, टाळ्यांच्या आधीची शांतता. भोंग्याचा आवाज, चौकापलीकडे जाणारा, एका मजल्यावरून त्याच्यापर्यंत पोचला नव्हता, कारण त्यानंच तो हळू करायला शिकवला होता. आणि ती विंगेकडे बघायची. प्रत्येक प्रयोगाला. पडद्यासाठी नाही.

आत मुलीनं पाय रोवल्याचा आवाज आला. किंकाळी सुरू झाली. या वेळी ती वेगळी होती. मुलीला आता कोणीतरी समोर दिसत होतं. चढली, चढली, आणि टोकाला थांबली. रिकामी जागा आली. खाली कानस वाजत नव्हती. मोर्चा कुठेतरी वळला असावा. त्या जागेत त्यानं दार ढकललं.

मुलगी दचकून मागे सरली. दोनतीन मुली भिंतीशी बसल्या होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. “सर! काय झालं, सर?”

त्याला धाप लागली होती. रस्ताभर जुळवलेलं एकही वाक्य तोंडाशी आलं नाही. तो दिग्दर्शकाबद्दल बोलला नाही, तारखांबद्दल बोलला नाही.

“ओरडल्याचा आवाज आला,” तो म्हणाला. “म्हणून आलो.”

बायको खुर्चीत बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते दुसऱ्या कोणाच्या बाबतीत त्यानं एका ओळीत लिहिलं असतं. तिनं गुडघ्यावर हात टेकले आणि उठली. मुलगी अजून श्वास धरून होती, उरलेली अर्धी किंकाळी गळ्यात अडकल्यासारखी. “बाई, पुढचं करू?”

“नको,” ती म्हणाली. “आज पुढचं नको.”

जिना उतरताना तिनं कठडा धरला आणि दुसऱ्या हातानं, त्याच्याकडे न बघता, त्याचा दंड. खाली किल्लीवाला दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. “आज अर्ध्यातच, मॅडम? मी तर वाट बघत बसलो.”

“हो रे,” ती म्हणाली. “आज अर्ध्यातच.”

रस्ता ओलांडल्यावर त्याचा फोन पुन्हा वाजला. “तोच असेल,” ती म्हणाली. “त्या मुलीला आईच्या कामासाठी मी तयार करतेय म्हटल्यावर सकाळी मलाही फोन केला होता त्यानं.” तिनं हात पुढे केला, त्यानं फोन दिला, तिनं न बोलताच तो बंद केला आणि आपल्या पिशवीत टाकला. “उद्या सांगू.” थोडं अंतर दोघं चालले. पुढे पोलिसांनी लोखंडी अडसर लावले होते, आणि त्यांच्यापाशी गर्दीत कोणाचा तरी एक सँडल पडला होता, चिरडलेला. ती त्याच्यापाशी थांबली.

“ती दुसरी चप्पल,” ती म्हणाली, “नंतर सापडली मला. जिन्याखाली, मीटरच्या मागे. त्याला तिथे दिसली असती, तर तो निदान…”

वाक्य तिथेच राहिलं. अशी वाक्यं कुठे तुटतात, कोणत्या शब्दावर, हे टिपण्यात त्याची हयात गेली होती. या वेळी त्यानं ते टिपलं नाही. तो तिच्याशेजारी उभा राहिला, गर्दीचे धक्के खात, ती बोलेल म्हणून; आणि ती बोलली नाही तरी, उभा राहिला.